तीनदा तपासलं, तरी चूक सुटली: लक्ष नेमकं कुठे दगा देतं?

प्रश्न असा आहे: "माझं काम कागदपत्रं आणि आकडे तपासण्याचं. एकेक पान तीन-तीनदा वाचतो, तरी एखादी ढळढळीत चूक सुटते आणि शेजारचा सहकारी पाच सेकंदांत तिच्यावर बोट ठेवतो. माझं लक्ष कमी पडतंय का? एकाग्रता वाढवायला काय करू? फोनमुळे सगळ्यांचंच लक्ष आठ सेकंदांवर आलंय म्हणतात, ते खरं का?"

मी रेडिओलॉजिस्ट आहे. गेली सव्वीस वर्षं रोज एक्स-रे आणि सीटी बघते, रिपोर्ट लिहिते. म्हणजे काम तुमचंच, फक्त कागदांऐवजी छात्या आणि पोटं. सुटलेल्या चुकांवर बोलायचा मला अधिकारही आहे, कारण माझ्याही सुटल्या आहेत. त्यातली एक आधी सांगते.

जिन्यावरून पडलेले एक गृहस्थ. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: छातीत डावीकडे दुखतं, बरगडी मोडली आहे का? मी एक्स-रे लावला आणि डाव्या बरगड्या वरून खाली एकेक मोजत आले. सातवीवर बारीक रेघ, आणि तिथेच हाडाच्या कडेला अगदी किंचित पायरी. सापडली. फुप्फुसाभोवती हवा किंवा रक्त साचलंय का तेही पाहिलं, नव्हतं. रिपोर्ट लिहिला, पुढची फिल्म लावली. चार महिन्यांनी तेच गृहस्थ खोकला बरा होत नाही म्हणून आले. माझ्या सहकाऱ्याने नवा एक्स-रे पाहिला, जुना शेजारी लावला आणि मला हाक मारली. उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी, कॉलरबोनच्या आड, नखाएवढी पुसट सावली. जुन्या फिल्मवरही होती. एकदा दाखवल्यावर ती माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

त्या दिवशी मी दमलेले नव्हते, फोनवर बोलत नव्हते, घाईतही नव्हते. लक्ष पुरेपूर होतं, आणि सगळंच्या सगळं बरगडीला दिलेलं होतं.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. आपण लक्ष देतो. आपलं लक्ष जातं. आपण लक्ष ठेवतो. आणि एवढं होऊनही गोष्ट लक्षात येते किंवा येत नाही. हाताखालच्या रेसिडेंटना, म्हणजे हा विषय शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना, शिकवताना मी हीच क्रियापदं वापरते, कारण प्रत्येकामागची यंत्रणा वेगळी आहे आणि प्रत्येकीची फसायची तऱ्हाही वेगळी.

सुरुवात डोळ्यापासून. हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या भागातच, साधारण दोन अंशांत, आपल्याला खरं बारीक दिसतं. बाकी सगळं अंधुक असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि त्या तुकड्यांवरून मेंदू सलग चित्र उभं करतो. चित्र इतकं बेमालूम असतं की "मी पूर्ण पान पाहिलं" असं आपल्याला मनापासून वाटतं. प्रत्यक्षात आपण पानावरची काही ठिकाणं पाहिलेली असतात. कुठली, ते आपण काय शोधत होतो यावर ठरतं.

लक्ष देणं म्हणजे मेंदूला आधीच सांगून ठेवणं की मला काय हवंय. रेघ शोधायची ठरवली की रेघा, कडा, पायऱ्या उठून दिसतात आणि मऊ, गोलसर, पुसट असं सगळं मागे सरतं. ही नुसती उपमा नाही. मोरान आणि डेसिमोन यांनी १९८५ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या पेशींवर हे मोजून दाखवलं: डोळ्यांसमोर दोन गोष्टी तशाच राहिल्या, तरी माकडाने जिच्याकडे लक्ष दिलं नाही तिला पेशीचा मिळणारा प्रतिसाद दबला. दुर्लक्ष ही लक्ष देण्याचीच दुसरी बाजू आहे. एक वाढवलं की दुसरं आपोआप वाढतं.

बास्केटबॉलचे पास मोजायला लावायचे आणि मधूनच गोरिलाच्या वेशातलं माणूस चालवत न्यायचं, हा सायमन्स आणि शाब्री यांचा १९९९ मधला प्रयोग आता बहुतेकांना ठाऊक आहे. जवळपास निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नव्हता. आमच्या पेशातली मंडळी हे ऐकून हसायची: सामान्य प्रेक्षक ते, आपण शिकलेले डोळे. मग २०१३ मध्ये ड्र्यू, व्हो आणि वुल्फ या तिघांनी चोवीस रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी देऊन फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं आणि शेवटच्या सीटीत गोरिलाचं चित्र मिसळून दिलं. सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. चोवीसपैकी वीस जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावलेलं होतं. त्या वीसातल्या बारा जणांची नजर थेट गोरिलावर पडलेली होती. उरलेल्या चौघांत मी असते असं म्हणायला मला आवडलं असतं.

यातून "तज्ज्ञसुद्धा आंधळे" असा निष्कर्ष काढतात, तो मला पटत नाही. ज्यांना वैद्यकाचं काहीच शिक्षण नव्हतं अशा लोकांनाही तेच सीटी दाखवले होते. गाठी शोधण्यात ते फार मागे पडले आणि गोरिला तर त्यांच्यातल्या एकालाही दिसला नाही. कौशल्याने नुकसान झालेलं नाही. ज्या प्रश्नासाठी डोळा तयार केला त्याचं उत्तर त्याने दिलं. दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. तुमचा सहकारी पाच सेकंदांत चूक पकडतो तो हुशार असेलही, पण मुख्य म्हणजे तो त्या पानाकडे वेगळा प्रश्न घेऊन येतो.

आता लक्ष जाणं. यात आपला हात फारसा नसतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एका कानातला मजकूर मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात मधेच इंग्रजीऐवजी जर्मन सुरू झालं तरी त्यांना कळलं नाही. पुरुषाचा आवाज बदलून बाईचा झाला, ते मात्र कळलं. पुढे १९५९ मध्ये मोरे यांना आढळलं की त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव उच्चारलं तर सुमारे एक तृतीयांश लोकांचे कान टवकारतात. म्हणजे दारावरचा पहारेकरी अगदीच झोपलेला नसतो. हालचाल, मोठा आवाज, लकाकी, स्वतःचं नाव असल्या ठरावीक पाहुण्यांना तो ओळखतो. फोनची घंटी आणि पडद्यावर उगवणारा लाल ठिपका ही त्याच पाहुण्यांची सोंगं आहेत, ते बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

पण पहारेकऱ्याला एक गोष्ट अजिबात ओळखता येत नाही: नसलेली. तपासणीच्या कामात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर बोललं जातं सगळ्यात कमी. चुकीचा आकडा डोळ्यांत खुपेल, गाळलेली ओळ खुपणार नाही, कारण तिथे खुपायला काही नसतंच. आमच्याकडचं उदाहरण देते. समोरून काढलेल्या पाठीच्या एक्स-रेत प्रत्येक मणक्यावर दोन बाजूंना दोन लहान गोल दिसतात, डोळ्यांसारखे. मधला टोकदार भाग चोचीसारखा. कर्करोग पसरून त्यातला एक गोल पोखरला गेला की तो नाहीसा होतो. फिल्मवर नवं काही उगवत नाही, फक्त एक गोल नसतो. नवीन रेसिडेंटच्या नजरेतून तो हमखास सुटतो. मग त्याला सांगायचं की हे घुबड आहे आणि ते डोळा मिचकावतंय. आमच्या विषयात या खुणेला खरंच तेच नाव आहे. त्या दिवसापासून तो प्रत्येक मणक्याचे डोळे मोजतो आणि सहसा चुकत नाही. डोळे तेच, एकाग्रता तीच. अभावाला नाव मिळालं, म्हणून तो शोधता येऊ लागला. तुमच्या कागदांत काय काय गाळलं जातं त्याची यादी करून एकेकाला नाव द्या, भले विनोदी द्या.

लक्ष ठेवणं हा तिसरा प्रकार, आणि यात माणूस मुळातच कच्चा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर नजर ठेवणाऱ्यांकडून पाणबुड्यांच्या खुणा सुटत होत्या. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा दर सेकंदाला एक टप्पा सरकायचा, क्वचित एकदम दोन. ती दुप्पट उडी दिसली की कळ दाबायची. बसायचं दोन तास. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष छापले: नजर ढळते ती पहिल्या अर्ध्या तासातच, दुसऱ्या तासाची वाट बघावी लागत नाही. अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती असा क्रम लावला की घसरण थांबायची. हे सगळे तरुण, धडधाकट, कामाचं मोल जाणणारे लोक होते. त्यांना "नीट लक्ष ठेवा" असं सांगायची गरज नव्हती, आणि सांगून उपयोगही नव्हता.

यात भर म्हणजे दुर्मीळपणा. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लोकांना गर्दीच्या चित्रांत विशिष्ट वस्तू शोधायला दिल्या. निम्म्या चित्रांत वस्तू होती तेव्हा ७ टक्के वेळा ती सुटली. शंभरातल्या एकाच चित्रात होती तेव्हा सुटण्याचं प्रमाण ३० टक्के झालं. मेंदू हिशेबी आहे; नव्याण्णव वेळा "नाही" हे उत्तर बरोबर आलं की शंभराव्या वेळी तो शोध लवकर आवरता घेतो. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांच्या पडद्यावर यासाठीच अधूनमधून संगणकाने घुसवलेली खोटी पिस्तुलं दाखवतात. शोधणाऱ्याला मधूनमधून काहीतरी सापडत राहिलं पाहिजे. तुमच्या कामात चुका कमी असतील तर त्या सुटण्याचा धोका जास्त आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे. एखाद्या सहकाऱ्याला गठ्ठ्यात मुद्दाम दोन-तीन चुका पेरायला सांगा. किती आणि कुठे, ते त्याने लिहून ठेवायचं आणि काम संपल्यावर काढून टाकायचं, नाहीतर पेरलेलंच उगवेल.

शेवटचं, लक्षात येणं. कुंडेल, नोडाइन आणि कार्मोडी यांनी १९७८ मध्ये रेडिओलॉजिस्टच्या नजरेचा माग काढला. सुटलेल्या गाठींपैकी काहींकडे नजर वळलीच नव्हती, पण बहुसंख्य गाठींवर ती पोचलेली होती. कुठे ओझरती, कुठे चक्क रेंगाळलेली, आणि तरीही रिपोर्टमध्ये गाठ आली नाही. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांचंही हेच होतं. डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की रस्त्याकडेच्या फलकांवर त्यांची नजर गेलेली असते, पण नंतर ते फलक ओळखता येत नाहीत. हात मोकळे ठेवणारं यंत्र वापरल्याने फारसा फरक पडत नाही तो त्यामुळेच. बघणं आणि लक्षात येणं यांच्यात एक पायरी आहे, आणि बोलणं ती अडवून बसतं.

लक्ष ही डोळ्यांची बाब नाही याचा सगळ्यात चक्रावणारा पुरावा मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णांत मिळतो. डोळे शाबूत असून त्यांना डावीकडचं जग उरत नाही. काही जण फक्त उजवा गाल दाढी करून बाहेर येतात. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझात्ती यांनी मिलानमधल्या अशा दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलसमोरचा चौक आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा म्हटल्यावर त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. आता कॅथेड्रलच्या दारातून चौकाकडे बघताय म्हटल्यावर मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाच्या गाळल्या. आठवण पूर्ण होती, तिच्या डाव्या निम्म्या भागाकडे जाता येत नव्हतं. मला हे वाचून कित्येक वर्षं झाली, अजून अंगावर काटा येतो.

परत माझ्या बरगडीकडे. चूक सापडली की शोध थांबतो, याला आमच्याकडे 'शोधाचं समाधान' म्हणतात. १९६२ पासून हा शब्द रुळला आहे. एक सापडलं की काम झाल्यासारखं वाटतं आणि दुसरं सुटतं. माझं तेच झालं. चिठ्ठीने प्रश्न ठरवला, उत्तर मिळालं, मी उठले. (त्या गृहस्थांची शस्त्रक्रिया झाली, वेळेत झाली. ते माझ्या हुशारीमुळे नव्हे.) म्हणून सांगते, ज्या पानावर तुम्हाला नुकतीच एक चूक सापडली, ते पान पुन्हा वाचा. आपण नेमकं उलट करतो.

व्यत्ययाबद्दल एक घटना पुरेशी आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री मायामीला उतरणाऱ्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ४०१ क्रमांकाच्या विमानात पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना. कॉकपिटमधली सगळी अनुभवी माणसं त्या दिव्याभोवती गुंतली. विमान २,००० फुटांवर आपोआप उडेल अशी सोय केलेली होती. ती कधी सुटली ते कुणाला कळलं नाही. उंची घटल्याची सूचना वाजली, ती ध्वनिमुद्रणात ऐकू येते, पण कुणी दखल घेतली नाही. विमान दलदलीत कोसळलं आणि १०१ माणसं गेली. बिघाड होता एका जळालेल्या बल्बचा. "विमान कोण उडवतंय?" हा प्रश्न त्या चार मिनिटांत कुणाकडेच नव्हता. अमेरिकेत १९८१ पासून १०,००० फुटांखाली वैमानिकांना उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायला, करायला मनाई आहे. ती मनाई या एका अपघातामुळे आली नाही, पण अशाच अपघातांमुळे आली.

तुमचं टेबल म्हणजे विमान नव्हे, हे खरं. पण कुणी मधेच काही विचारलं की परत येताना आपण जिथे सोडलं तिथून सुरू करतो, आणि ते "जिथे" नेहमी एक-दोन ओळी पुढचं असतं. माझा नियम: व्यत्यय आला की ती फिल्म पुन्हा पहिल्यापासून. रेसिडेंट कंटाळतात. कंटाळोत.

आठ सेकंदांचा आकडा विसरा. गोल्डफिशशी तुलना करणारा तो दावा २०१५ च्या सुमारास सगळीकडे पसरला. त्यामागे मोजमाप नाही. लक्षाला साखरेच्या डब्यासारखं ठरलेलं माप नसतं, ते कामागणिक बदलतं. खरं मोजलेलं काही हवं असेल तर ग्लोरिया मार्क यांचं बघा: पडद्यावरच्या एका गोष्टीवर लोक सरासरी किती थांबतात हे त्या वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये ते सुमारे अडीच मिनिटं होतं, अलीकडे ४७ सेकंदांवर आलं. यावरून क्षमता गेली असं ठरत नाही, उठून जायची सवय वाढली एवढं ठरतं. आणि प्रत्येक उडीची किंमत पडतेच. रॉजर्स आणि मॉन्सेल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की काम बदलणार हे आधी माहीत असलं, तयारीला वेळ दिला, तरी बदलानंतरचं पहिलं उत्तर हळू येतं आणि जास्त चुकतं.

मग करायचं काय? एकाग्रता वाढवायच्या नादाला मी लागणार नाही. झोप पुरेशी घ्या, त्यापलीकडे मला फारसं विश्वासार्ह काही माहीत नाही. पानाची तीन सारखी वाचनं बंद करा. एकच प्रश्न तीनदा विचारला तर तेच उत्तर तीनदा येतं. एक फेरी फक्त आकड्यांची, शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे अर्थ मधे येणार नाही. एक फेरी फक्त नावं आणि तारखांची. एक फेरी फक्त 'काय नाही' याची, त्या यादीवरून. मी आता चिठ्ठी न वाचता फिल्म एकदा पूर्ण बघते, मग चिठ्ठी वाचून पुन्हा बघते. शेवटी ठरलेल्या जागा: फुप्फुसांची टोकं, हृदयामागचा भाग, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, फिल्मच्या चारही कडा. प्रत्येक जागेवर बोट ठेवते आणि नाव उच्चारते. जपानी रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट करून तो मोठ्याने म्हणतात, तीच युक्ती. पहिल्यांदा फार बावळट वाटतं.

आणि तो शेजारचा सहकारी. त्याला पान देताना तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आधी पुसा, आणि "बहुतेक ठीक आहे, फक्त बेरीज बघ" असं म्हणू नका, नाहीतर तो बेरीजच बघेल. आमच्याकडे दुसऱ्यांदा वाचणारा डॉक्टर स्वतःचा रिपोर्ट लिहून होईपर्यंत पहिल्याचा रिपोर्ट उघडत नाही.